मेंढीचं डोकं खाल्लेला पंच

आमच्या ह्यांना कुणी जेवायला बोलावलं की ते शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवून आत जातात. एवढं वय झालं, गावाच्या पंचायतीचे मुख्य पंच झाले, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी तुर्गुनबायकडे जाऊन मेंढीचं डोकं खाऊन आले. आम्हा किर्गिझ लोकांत डोकं ज्याच्यापुढं ठेवतात तो सगळ्यात मानाचा पाहुणा. नाही म्हणता येत नाही, कबूल. पण उद्या ज्याची तक्रार ऐकायची, त्याच्याच घरी?

तक्रार होती विधवा गुलझातवर. तिने आपली पाण्याची पाळी नसताना कालव्याचं पाणी आपल्या जर्दाळूंकडे वळवलं, तर या उन्हाळ्यापुरती तिची पाळी बंद करा, असं तुर्गुनबायचं म्हणणं. पाळी गेली असती तर झाडं वाळली असती, आणि झाडांशिवाय त्या पोरीकडे दुसरं काही नाही.

आमच्या पंचांना आक्साकाल म्हणतात, म्हणजे पांढऱ्या दाढीचे. बिनदाढीची पंच मी एकटीच. शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नाही, पण माणसाचं ऐकून घ्यायला कुठं अक्षरं लागतात?

बैठक बसली. तुर्गुनबाय बोलला, ह्यांनी मान डोलावली. "सरळच आहे. पाळी बंद."

"गुलझात कुठाय?" मी विचारलं.

"वरच्या कुरणात, घोड्या दोहायला गेलीय. तिला काय विचारायचं? पाणी वळवलेलं सगळ्यांनी पाहिलं."

"का वळवलं, ते कुणी पाहिलं?"

"तुझं प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच."

"इथं मी पंच आहे, बायको नाही. तिला निरोप धाडा, तोवर चहा घ्या. आणि तुम्ही मधल्या जागेवरून उठा."

"का म्हणून?"

"तुर्गुनबायची मेंढी अजून तुमच्या पोटात ओरडतेय."

पंचांतले म्हातारे कालमात हसता हसता खोकायला लागले. ह्यांचे कान लाल झाले. "पुढं आलेलं डोकं काय परत लोटायचं?"

"लोटू नका. खा पोटभर. मग निवाड्याला बसू नका."

कुरकुरत उठले. कालमात मध्ये बसले.

गुलझात धापा टाकत आली. तक्रार तिला पहिल्यापासून ऐकवली. ती म्हणाली, "त्यांच्याकडे सुंतेचे पाहुणे येणार होते. त्याआधी बाग भिजवायची म्हणून वहिनींनी माझी पाळी मागितली आणि त्यांची मला दिली."

तुर्गुनबायची बायको दाराशीच बसली होती. कालमातनी विचारल्यावर डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाली, "खरंय."

"मग मला सांगायचं नाही?" तुर्गुनबाय म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कधी?"

गुलझातची पाळी राहिली. तुर्गुनबायने सगळ्यांदेखत तिची माफी मागितली.

"आता याचं काय?" कालमातनी ह्यांच्याकडे बोट केलं.

"नवऱ्याचा निवाडा मी कसा करू? मी त्यांच्याच घरची."

"मग घरचा निवाडा घरीच कर."

वाटेत ह्यांना थांबवलं. "आधी तुमची बाजू सांगा."

बराच विचार करून हे म्हणाले, "वास फार चांगला येत होता."

हसू आलं, ते दाबलं. "ऐका मग. तुम्ही लबाड नाही, खादाड आहात. निकाल लागेपर्यंत कुठल्याच पक्षाच्या घरी जेवायचं नाही. फारच राहवलं नाही तर मला सांगा, मी शिजवीन, मान तुमचाच. आणि पुढच्या बैठकीत तोंड उघडलंत की पहिल्यांदा विचारायचं, दुसऱ्या बाजूला बोलावलंय का. चला आता."