पहिली चार पावलं

स्वराज विधातेला अडवायचं कसं, यावर तीन वर्षं देशातल्या बऱ्याच प्रशिक्षकांनी डोकं लावलं. खरं तर त्याच्या खेळात लपवाछपवी काहीच नव्हती. चेंडू पायाशी आला की तो उजवीकडे निघायचा. समोरच्या बचावपटूला ते ठाऊक असायचं, प्रेक्षकांनाही ठाऊक असायचं. पण पहिल्या चार पावलांतच तो इतका पुढे गेलेला असायचा की मागच्याच्या हाती लागायचा फक्त त्याचा शर्ट. सामना संपेपर्यंत त्याची जर्सी बहुतेक वेळा काखेत उसवलेली असायची.

तो नाशिकजवळच्या मखमलाबादचा. वडील सावळीराम विधाते झेंडू आणि शेवंती करायचे, मधल्या काळात मेथी-कोथिंबीर. नाशिकची पोरं मैदानावर जातात ती बॅट घेऊन. स्वराज फुटबॉलकडे वळला तो शाळेतल्या महेश सरांमुळे. सरांनी एकदा सातवीच्या मुलांची दहा मीटरची शर्यत लावली. एवढीशी शर्यत म्हणून मुलं हसली. स्वराज ती सलग सहा वेळा जिंकला. सातव्या वेळी सरांनी त्याच्या पुढ्यात चेंडू टाकला आणि म्हणाले, "आता हा घेऊन पळ."

सतराव्या वर्षी तो गोव्यातल्या अकादमीत गेला, बाविसाव्या वर्षी वरच्या लीगमध्ये आला. मग सलग तीन हंगाम भारतीय खेळाडूंत सर्वांत जास्त गोल त्याचे. तिसऱ्या हंगामात एकोणीस. त्या उन्हाळ्यात, तो सव्वीस वर्षांचा असताना, दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला. त्या वर्षी देशात एवढा मोठा करार दुसऱ्या कुणाचा झाला नव्हता. मखमलाबाद नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर शुभेच्छुकांचे चौदा फोटो होते आणि स्वराजचा एक. घरच्यांनी नाशिकमध्येच इंदिरानगरला बंगला घेतला. आई भागुबाई आणि थोरली बहीण साधना तिथं रमल्या. वडील, म्हणजे नाना, रोज सकाळी स्कूटर काढून मळ्यात जायचे आणि दुपारी जेवायला परत यायचे.

त्याच वर्षी स्वराजचं लग्न झालं. सायली घोटीची, तिच्या वडिलांची भाताची गिरणी. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती आणि फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम तिला कधीच नीट कळला नाही.

नव्या क्लबकडून पहिल्या हंगामात स्वराजने सात गोल केले. लोक म्हणाले, नवा संघ, नवं शहर, वेळ लागतो. दुसऱ्या हंगामात तीन. तिसऱ्यात एकही नाही.

काही मोडलं नव्हतं, फाटलं नव्हतं. डॉक्टरांनी गुडघे, घोटे, मांड्या सगळं तपासलं, आहार बदलला, बूट बदलले. स्वराजने आधी हवेला दोष दिला, मग गवताला, मग मागून चेंडू उशिरा येतो याला. पण मैदानावर काय होतंय हे त्याला सगळ्यांच्या आधी समजलं होतं. आता कुणी त्याचा शर्ट ओढत नव्हतं. ओढायची गरजच उरली नव्हती. तो उजवीकडे निघायचा आणि बचावपटू त्याच्या शेजारी असायचा. हळूहळू तो निघेनासाच झाला. चेंडू आला की लगेच मागे देऊन टाकायचा. एका सामन्यानंतर समोरच्या संघाचा बॅक, म्हणजे बचावपटू, ज्याच्याशी पूर्वी त्याची कायम खडाजंगी व्हायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, सब ठीक है ना?" त्या रात्री स्वराज जेवला नाही.

गावाकडे कारण ठरून गेलं होतं. पैसा डोक्यात गेला. कुणी म्हणे पितो, कुणी म्हणे जाहिरातींतून सवड मिळत नाही. पंचवटीच्या फूलबाजारात एक व्यापारी नानांच्या तोंडावर म्हणाला, "पोराला भूकच राहिली नाय आता." नानांनी फुलांचे कॅरेट उचलून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे नेले. घरी मात्र त्यांनी याबद्दल एक शब्द काढला नाही. स्वराजला हे साधनाकडून कळलं, आणि तिला बाजारातल्या लोकांकडून.

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी क्लबच्या विश्लेषकाने त्याला बोलावून काही कागद दिले. सरावात आणि सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर एक छोटं यंत्र असतं, त्यात प्रत्येक धाव नोंदली जाते. स्वराजच्या पाच वर्षांच्या धावा त्यात होत्या. जुन्या क्लबचे आकडेही कराराच्या वेळी मागवून घेतलेले होते. त्याने ते कागद घरी आणून टेबलावर टाकले. सायलीने ते उचलले आणि बराच वेळ बघत बसली.

"तुला यातलं काय सांगितलं त्यांनी?" तिने विचारलं.

"वेग कमी झालाय म्हणाले. पहिल्या चार-पाच पावलांचा. सेकंदाचा दहावा भाग."

"कधीपासून, ते सांगितलं?"

"इथं आल्यापासून. कधीपासून म्हणजे काय?"

तिने एक रेघ बोटाने दाखवली. "नाही. हे बघ. ही रेघ इथून खाली यायला लागलीय. हा तुझा जुना क्लब. एकोणीस गोल केलेस ना, ते वर्ष. तेव्हाच सुरू झालं होतं. तेव्हा बॅकना तुझी भीती होती, म्हणून ते आधीच मागे सरकायचे. नंतर त्यांची भीती गेली असेल. पण वेग त्याच्या आधीच जायला लागला होता."

स्वराजने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे करारावर सही केली तेव्हा..."

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे कागद होते, पण त्यांनी गोल बघितले."

तो उठून खिडकीपाशी गेला. तिथूनच म्हणाला, "सायली, लोक म्हणतात ना, पैशाने बिघडला. मला ते ऐकून बरं वाटायचं."

"बरं?"

"बिघडलेला माणूस सुधारतो ना. मी मनात म्हणायचो, उद्यापासून आणखी घाम गाळू, की झालं."

 तिने कागद नीट लावून फायलीत ठेवले.

चौथ्या वर्षी नवा प्रशिक्षक आला. त्याने स्वराजला बोलावून सरळ सांगितलं, मुख्य संघात तुझ्यासाठी जागा नाही. दुसरीकडे जायचं तर करार आपसात मोडू. नाही तर राखीव संघाबरोबर सराव कर. स्वराजच्या एजंटने फोनवर बजावलं, "काहीही झालं तरी करार मोडायच्या कागदावर सही करू नकोस. वर्षभर सरावाला जायचं, एवढंच. पैसे तुझ्या हक्काचे आहेत." स्वराजने सही केली नाही. राखीव संघातल्या कोवळ्या खेळाडूंबरोबर तो दुपारच्या उन्हात सराव करू लागला. ते त्याला 'सर' म्हणायचे. सामन्यांच्या यादीत त्याचं नाव नसायचं.

दसऱ्याच्या सुमारास राखीव संघाला आठ दिवसांची सुट्टी मिळाली आणि तो सायलीला घेऊन नाशिकला आला. मळ्यात झेंडूची तोडणी जोरात होती. दसऱ्याच्या बाजारासाठी नानांनी मजूर लावले होते, तरी माणसं कमीच पडत होती. स्वराजही तोडायला लागला. नाना शेजारच्या सरीत होते. दोघांची एकेक सरी संपत आली. मग नानांनी मान वर न करताच विचारलं, "तुला खेळू देतेत का तिथं?"

"नाही, नाना."

"मग करतो काय तिथं दिवसभर?"

"सराव."

"कशाचा?"

स्वराज पुढच्या झाडाची फुलं तोडू लागला.  टोपलं भरलं तसं नाना ते कॅरेटमध्ये रिकामं करायला निघून गेले.

महेश सर आता निवृत्त झाले होते. रविवारी सकाळी ते गंगापूर रोडच्या एका मैदानावर हौशी लोकांचे सात-सात जणांचे सामने भरवायचे. स्वराज आल्याचं कळताच त्यांनी फोन केला. करारात बाहेर खेळायला बंदी होती, पण स्वराज गेला. त्याच्यासमोर बॅकला होता संतोष, बँकेत नोकरी करणारा, चाळिशी ओलांडलेला, एके काळी जिल्हा संघात खेळलेला. पहिल्या वीस मिनिटांत त्याने स्वराजच्या पायातून तीनदा चेंडू काढून घेतला. तिसऱ्यांदा तोच ओशाळला.

"राग मानू नको," संतोष म्हणाला. "टीव्हीवर तुझ्या सगळ्या मॅच बघितल्यात मी. निघायच्या आधी डावा खांदा टाकतोस तू. पूर्वी ते कळूनही उपयोग नव्हता."

स्वराज हसला. करार झाल्यापासून मैदानावर त्याला पहिल्यांदाच हसू आलं असेल. मध्यंतरानंतर तो सरांना म्हणाला, "सर, मी मागे खेळू का?"

मागे उभं राहिल्यावर सगळं मैदान त्याच्या समोर आलं. समोरच्या संघातला एक चपळ कॉलेजकुमार त्याच्या अंगावर आला. त्याने पाय उचलायच्या आधीच स्वराजला दिसलं की तो कुठं जाणार आहे. पळून त्याला गाठणं स्वराजला जमलं नसतं. म्हणून तो आधीच दोन पावलं सरकून उभा राहिला, आणि चेंडू आपसूक त्याच्या पायाशी आला. असं पाच-सहा वेळा झालं.

सामना संपल्यावर त्याने सरांना विचारलं, "कसं वाटलं?"

"रविवारच्या खेळात कुणीही बॅक होतो," सर बुटाची नाडी सोडत म्हणाले. "तिथं क्लबमध्ये वीस वर्षांची पोरं असतील. हेडिंग तुला येत नाही. टॅकल तू जन्मात केलेला नाहीस."

"शिकता येईल?"

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तीस वर्षांचा होशील आता. शिकशीलही. पण लोक हसतील, त्याची तयारी ठेव."

घरी आल्यावर त्याने सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "एजंट काय म्हणेल?"

"पुढचा करार बुडेल म्हणेल. स्ट्रायकर म्हणून अजून नाव आहे, बॅक म्हणून काहीच नाही."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मला खेळायचंय. कुठंही."

"मग कर प्रशिक्षकांना फोन."

प्रशिक्षकाने फारशी उत्सुकता दाखवली नाही. राखीव संघाचा एक बॅक जायबंदी होता, माणूस हवाच होता, म्हणून तो हो म्हणाला. पहिल्या सामन्यात स्वराजच्या चुकीने पेनल्टी गेली. दुसऱ्यात चेंडू त्याच्याच डोक्याला लागून आपल्याच गोलमध्ये गेला. ती चित्रफीत चार दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'अखेर यांचा गोल झाला.' तिसऱ्या सामन्यात त्याला बसवलं. चौथ्यात पुन्हा घेतलं. सरावानंतर तो तासभर थांबून नुसता डोक्याने चेंडू मारण्याचा, हेडिंगचा, सराव करायचा. राखीव संघाचा गोलकीपर राजू त्याच्यासाठी चेंडू उडवून द्यायचा आणि चुकला की मोकळेपणाने शिव्या घालायचा. हंगामाच्या शेवटी स्वराजचे अकरा सामने झाले. त्यातल्या शेवटच्या चारांत त्याच्या बाजूने समोरच्यांना एकही गोल करता आला नाही. त्याची बातमी कुठंही आली नाही.

करार संपला. क्लबने निरोपाचं एक छापील पत्र दिलं. दोन महिने कुणाचा फोन आला नाही. मग दुसऱ्या श्रेणीतल्या एका संघाने एका वर्षासाठी विचारलं, बॅक म्हणून. पूर्वीच्या करारापुढे हा काहीच नव्हता. एजंट म्हणाला, "यात माझा वेळ घालवू नकोस." स्वराजने स्वतःच कागद वाचले, सायलीने पुन्हा वाचले, आणि सही केली.

त्या हिवाळ्यात त्याच्या संघाचा सामना पुण्यात होता. घरचे सगळे गाडीने गेले. स्टँडमध्ये जेमतेम तीन-चारशे माणसं होती. नाना स्टेडियममध्ये मुलाचा सामना बघायला पहिल्यांदाच आले होते. इतकी वर्षं त्यांनी ते टाळलं होतं, कारण त्यांना वाटायचं, आपली नजर लागेल.

सामना साधाच झाला. साठाव्या मिनिटाला समोरच्या संघाचा एक नवखा स्ट्रायकर स्वराजला बाहेरून वळसा घालून पुढे गेला आणि त्याने गोल केला. स्वराज त्याच्या मागे धावला, पोचला नाही. मग त्याने जाळ्यातला चेंडू उचलून मध्यावर फेकला आणि आपल्या बॅकना हाताने जागा दाखवायला लागला. नंतर दोन हल्ले त्याने अडवले, एक डोक्याने आणि एक अंगावर घेऊन. त्याच्या संघाने एक गोल फेडला. सामना बरोबरीत सुटला.

खेळाडू बसकडे जाताना घरच्यांना पाच मिनिटं मिळाली. आईने त्याच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं पाहून तोंड वाकडं केलं. साधनाने फोटो काढला.

नाना म्हणाले, "तू मैदानात लय बोलतो रे. सारखा ओरडत होता. आधी टीव्हीवर तर एक शब्द बोलताना दिसायचा नाय."

"मागे खेळणाऱ्याला बोलावंच लागतं, नाना. सगळं त्यालाच दिसत असतं."

"आन् त्या पोराने गोल केला तवा?"

"तो माझ्यापेक्षा वेगवान आहे," स्वराज म्हणाला. "पुढच्या वेळी मी आधीच दोन पावलं मागे उभा राहीन."

नानांनी मान हलवली. बसचा हॉर्न वाजला. सायलीने पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला, त्यात घोटीच्या तांदळाचा मसालेभात होता. तो बसमध्ये चढला आणि शेजारच्या खेळाडूला विचारू लागला, जेवलास का.