दोघांचा एक सदरा

नेकनूरच्या जाकीरभाईंना शेरवानी सोडून दुसरं काही शिवायला सांगणं म्हणजे त्यांचा अपमानच. पण समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रोहिणी मॅडम स्वतः दुकानाची पायरी चढून आल्या आणि म्हणाल्या, "बाळ बापाच्या छातीशी राहील असा सदरा शिवून द्या." तेव्हा त्यांना नाही म्हणवेना.

हनुमानची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. आई तापानं फणफणलेली. बाळाला बापाच्या उघड्या छातीची ऊब द्या, असं मॅडमनी सांगितलं होतं. पण हनुमानचा जरा डोळा लागला की बाळ घसरायचं आणि पुन्हा गार पडायचं. बिचारा पाणीसुद्धा प्यायचा नाही, नुसता ताठ बसून असायचा. "जगंल न्हवं?" असं विचारायचा आणि मॅडम "बघू" म्हणायच्या. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे.

जाकीरभाईंनी संध्याकाळपर्यंत सदरा शिवून दवाखान्यात नेला. अस्तर काय, कॉलर काय, छातीला कॅनव्हास काय! नवरदेवानं घालावा असा. मॅडमनी आत बाहुली ठेवून पाहिली आणि मान हलवली. "यात नाक दबेल तिचं. मान सरळ राहिली पाहिजे, नाहीतर श्वास अडकेल."

"आजवर माझ्या मापात कुणी खोट काढली न्हाई, मॅडम." जाकीरभाई फुरंगटले.

"तुम्हाला कापड कळतं, मला श्वास. आत येऊन बाळ तर बघा."

हात धुऊन ते आत गेले आणि बघतच राहिले. एवढंसं लेकरू त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. टेप गार लागेल म्हणून त्यांनी ती गळ्यातच राहू दिली आणि वितीनं माप घेतलं, तेही हात न लावता, वरच्यावर.

मग तिघांचं खलबत सुरू झालं. बाळाचे पाय दुमडून कसे ठेवायचे ते मॅडमनी दाखवलं. त्यांना गच्च सुती पट्टा हवा होता. जाकीरभाई म्हणाले, "गच्च कशाला? बनियनचं कापड घेतो. आडवं ताणतं, उभं न्हाई. खाली सरकायचं न्हाई अन् हवा बी खेळंल." मॅडमना हे ठाऊक नव्हतं. गाठ पाठीवर घ्यायची ठरली, तेव्हा हनुमान मध्येच बोलला, "चाचा, मला टेकायचं हाय. गाठ बगलंत घ्या की." हे तर दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून हनुमान दोन्ही हातांत कप धरून चहा प्यायला. बाळ छातीवर गाढ झोपलं होतं, अंग छान ऊबदार. मॅडमनी नाक, मान, पाय, सगळं तपासलं. मग बाजूची शिवण चाचपली. तिथं बोटभर कापड दुमडून ठेवलेलं.

"हे जास्तीचं कापून टाकू का?"

"कापू नका, मॅडम. बाहेरच्या बाजूला हाय, लेकराला टोचत न्हाई." जाकीरभाई चष्मा पुसत म्हणाले, "लेकराचं कापड हाय. वाढत्या अंगाचं शिवलंय."

हनुमाननं कप खाली ठेवला. बाळाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. मॅडम थोडा वेळ त्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.

"मग इतकं कमी का सोडलंत, जाकीरभाई?" त्या म्हणाल्या.