जित्या बाईच्या फोटोला हार

मी एक जुनी सागवानी चौकट आहे. पारोळ्याजवळ हायवेला एक भरीत-भाकरीचं हॉटेल आहे, तिथे गल्ल्याच्या वर मी टांगलेली असते.

मित्रांनो, धुळ्याच्या तोताराम मिस्त्रींनी मला देवीच्या तसबिरीसाठी घडवलं. दहा-बारा वर्षं माझ्यात सप्तशृंगी होती. सकाळी उदबत्ती, मंगळवारी हार. मग नवे मॅनेजर प्रेमराजभाऊ आले. त्यांनी देवी काढून आत कपाटात ठेवली आणि माझ्या काचेवर चिठ्ठी डकवली, 'महिन्याचा उत्तम कर्मचारी'. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, कष्टकरी माणूसही देवासारखाच.

आधी माझ्यात आचारी अभिमन यांचा फोटो आला. मग सारिकाचा आला, तो तीन महिने हललाच नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापावी तर तिनेच. तीन महिन्यांत एक सुट्टी नाही. गिऱ्हाईक फोटोकडे बघून म्हणे, "वा!" खरी सारिका मात्र भट्टीपुढे वाळत चालली होती.

दसऱ्यासाठी तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "भाऊ, त्या दिवशी दुपारी बाराला सोडा. पोरगी माझ्याशिवाय जेवणार नाही." भाऊ हो म्हणाले. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी भट्टीला, मिक्सरला, मोटारसायकलला झेंडूचे हार घातले. एक हार उरला, तो मला घातला. खोटं कशाला बोलू, मी सुखावले. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर हार होता!

दोन वाजले, तरी सारिका भट्टीशीच. शेवटी तिची सासू भिकुबाई नात पुनमला घेऊन रिक्षाने आली. दारातून तिची नजर माझ्यावर गेली आणि म्हातारी मटकन खालीच बसली.

"अवं माय! मन्ही सून गई का रे?"

"आजी, असं काय करता?" प्रेमराजभाऊ हसले. "मान आहे तो. आत भाकरी थापतेय तुमची सून."

"जित्या बाईना फोटूले हार घालतस का रे, भाऊ? तुन्ही मायना फोटूले घाल ना मंग!"

पुनम मोठ्याने रडायला लागली. रडणं ऐकून सारिका पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. पोरीने तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"सारिकाताई, अजून चार टेबलं आहेत," भाऊ म्हणाले. "आता गेलात तर उद्या येऊ नका. फोटो लावलाय तुमचा, त्याची तरी लाज राखा."

सारिकाने वर माझ्याकडे पाहिलं. स्टुलावर चढली, हार काढला आणि भाऊंच्या हातात दिला.

"हाही भट्टीलाच घाला, भाऊ. तिला घर नाही."

आणि पोरीचा हात धरून ती गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोटो कचऱ्यात गेला. आता माझ्यात वेटर छगन आहे. त्याची बायको बाळंत झाली, त्या दिवशीही तो माझ्यात हसत होता आणि खाली पाणी वाढत होता. बाळाचं तोंड त्याने आठव्या दिवशी पाहिलं.

मित्रांनो, देवीची जागा घेतली म्हणून माणूस देव होत नाही. त्याला भूक लागते, त्याची वाट पाहणारं कुणीतरी असतं. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसं येतील. त्यांना भिंतीवर लावू नका. वेळेवर घरी जाऊ द्या.