झाडूच्या पुढे पाच किलोमीटर

केरसुणीला पायात मोजे असताना पाय लागला तरी तो लागलाच, असं ऊर्मिलाच्या आईचं म्हणणं.

उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. ऊर्मिलाला हे पाठ आहे. गाडी चालवता येत नाही.

फ्राउ हेबर्लेनं चौतीस वर्षं टपाल वाटलं. सायकलवरून.

अब्गेब्रोखेन. मध्येच सोडलं.

चार सेफ्टी पिना आणि नंबर ३१८.

हे सगळं एका रविवारी जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये एकत्र आलं. साल दोन हजार सोळा, महिना मे.

ऊर्मिला एकोणचाळीस वर्षांची. नवरा हृषिकेश गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. सहा वर्षांपूर्वी मुलगी ऊर्जासकट तिघं पुण्याहून इथे आले. या सहा वर्षांत ऊर्मिलानं जर्मनचा वर्ग लावला, ड्रायव्हिंग लावलं, पोहणं लावलं. वर्ग सुटला सासऱ्यांच्या आजारपणात. ड्रायव्हिंग सुटलं ऊर्जाच्या अपेंडिक्समध्ये. पोहणं सुटलं नुसत्याच भीतीनं. पहिली दोन कारणं खरी होती, तिसरंही होतंच. पण शाळांकडून जे कागद आले त्यांच्यावर कारणाला जागा नव्हती. शब्द एकच होता: अब्गेब्रोखेन.

फेब्रुवारीत तिनं जेवताना सांगितलं की गावच्या क्लबच्या शर्यतीत नाव घातलंय.

"पाच किलोमीटर? पळत?" हृषिकेशचा घास हातातच राहिला. "अगं, बस पकडायला पळालीस की दोन दिवस पिंढऱ्या चोळत बसतेस."

"बस सुटते ना पण? माझ्यामुळे कधी थांबली?"

"तेच म्हणतोय."

ऊर्जा अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. पोळीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "दु ब्रिख्स्ट डोख इमर आलेस आब."

तू तर सगळंच मध्ये सोडतेस. टोमणा नव्हता. बाहेर ऊन आहे म्हणावं तशी म्हणाली, आणि तेच झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून नेकार नदीच्या काठानं, रस्त्याच्या दिव्यांचे खांब मोजत, ऊर्मिला एक दिवा पळायची, एक दिवा चालायची. मग दोन पळायची, एक चालायची. बारा आठवडे. दम लागायचा, बरगडीखाली चमक यायची, एक म्हातारा कुत्रा रोज तिला मागे टाकून जायचा. ती दुसऱ्या दिवशी परत हजर.

पहिला किलोमीटर

सगळे गेले.

दुसरा किलोमीटर

ऊर्मिला आणि झाडू.

तिथली पद्धत अशी: शेवटच्या माणसामागून एक सायकल येते, तिच्या कॅरियरला झाडू बांधलेला, टोक खाली चाकाशी लोंबतं. त्याला म्हणायचं बेझनराड, झाडू-सायकल. मागे राहिलेल्यांना झाडून आणायचं, म्हणून. या क्लबात त्याला आणखी एक नियम होता. ज्याला पुरे झालं त्यानं मुकाट्यानं झाडूला हात लावायचा. बोलायची लाज नको. हा नियम सुरुवातीला माइकवरून सांगितला गेला तेव्हा ऊर्मिला संडासाच्या रांगेत होती.

सायकलवर फ्राउ हेबर्ले, निवृत्त टपालवाली. वय एकाहत्तर, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"लांगसाम, लांगसाम," ती म्हणाली. सावकाश.

"याहून सावकाश म्हणजे थांबणंच," ऊर्मिला मराठीत पुटपुटली.

"गेनाऊ!" फ्राउ हेबर्ले खूश होऊन म्हणाली. अगदी बरोबर.

तिसरा किलोमीटर, संपता संपता

पुलाखाली पाण्याचं टेबल. ऊर्मिलानं दोन घोट घेतले, पेला टाकला, एक पाऊल मागे आली. सायकल तिच्या पाठीशी आडवी येऊन उभी होती. टाच झाडूला लागली. चांगलीच, खट् करून.

हात मेंदूला विचारत बसत नाही. ती वळली, वाकली, झाडूला बोटं लावली, बोटं डोळ्यांना लावली.

"आख, शाडं," फ्राउ हेबर्ले हळहळली. अरेरे. तिनं खांद्यावर थोपटलं, वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "तीनशे अठरा, बाहेर. माझ्यापुढे आता कुणी नाही." आणि टपालाचा गठ्ठा सोडावा तशा सवयीच्या बोटांनी ऊर्मिलाच्या पोटावरच्या दोन पिना काढल्या.

तिसऱ्या पिनेशी ऊर्मिलाला उमगलं.

"नाइन! नाइन, नाइन!" नाही, नाही.

"पण हात लावलात तुम्ही. नियम आहे."

आता हे जर्मनमध्ये कसं सांगायचं? केरसुणी ही लक्ष्मी. पाय लागला तर नमस्कार. चार वाक्यं. तिच्याकडे शब्द होते तीन. "बेझन," ती झाडूकडे बोट करून म्हणाली, "इस्ट हायलिग." झाडू पवित्र आहे.

फ्राउ हेबर्लेनं वळून झाडूकडे पाहिलं. "हा? हा दुकानातला आहे, गराजमधला."

"फूस... पाय... एन्टशुल्डिगुंग! सॉरी म्हटलं त्याला! सोडलं नाही मी!" जर्मन संपलं, इंग्रजी संपलं, मराठी सुरू झालं. "अहो काकू, एकदा तरी नका ना लिहू तो शब्द!"

काकूंना एक अक्षरही कळलं नाही. पण त्या बोलायच्या आत ऊर्मिला निघाली होती. नंबर दोन पिनांवर लोंबत होता, तो तिनं मुठीत धरला. मागे घंटी वाजली, हाका आल्या. तिनं वळून पाहिलं नाही. ती पळत असेल तर शेवटची तीच, आणि शेवटच्याच्या मागे झाडूनं यायलाच हवं. नियम आहे.

चाकाचा आवाज मागोमाग आला.

चौथा

बरगडीखालची चमक. दिवा. दिवा. चालायचा दिवा आला. ती चालली नाही.

पाचवा

मैदानाच्या वळणावरून शेवटच्या रेषेवरची कमान दिसली. हवेची कमान होती, तिची हवा सोडली होती. निळं रबर एका बाजूला कलत होतं. खाली एक माणूस वेळ मोजणारी गादी गुंडाळायला लागला होता. कारण शेवटची बाई बाहेर पडली, असा निरोप आला होता.

अर्ध्या गुंडाळलेल्या गादीवर ऊर्जा मांडी घालून बसली होती.

"ऊठ ना, पोरी," तो माणूस म्हणत होता. "संपलं सगळं."

"माझी आई यायचीय," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"तिनं सोडलंय. रेडिओवर सांगितलं."

"मग ती दिसत का नाही? सायकलही आली नाही. मी नाही उठत."

हृषिकेश बाजूला दोघांचे कोट धरून उभा. "बिट्टं," तो त्या माणसाला विनवत म्हणाला, "फक्त पाच मिनिटं." मग त्याला वळणावर मुठीत कागद धरलेली बायको दिसली आणि त्याच्या हातातले कोट खाली पडले. "ऊर्मी! ये! ये!"

मागून फ्राउ हेबर्लेचा आवाज आला, चौतीस वर्षं गल्लीगल्लीत हाका मारून कमावलेला: "गादी राहू दे, मानफ्रेड! चूक माझी!"

ऊर्जा उठली. गादी पायानं उलगडली. कमान आता खांद्याइतकी खाली आली होती. ऊर्मिला वाकून तिच्याखालून गेली, नंबरातली चिप गादीवरून नेली, आणि यंत्र वाजलं.

त्रेपन्न मिनिटं, बारा सेकंद. यादीत सर्वांत खाली. नाव, जन्मवर्ष, वेळ. तो शब्द कुठेच नव्हता.

फेब्रुवारीत भरलेल्या फॉर्मवर 'अंदाजे किती वेळ लागेल' असा एक रकाना होता. ऊर्मिलानं तो कोरा ठेवला होता.