मी, दीक्षाच्या पायाखालची मशीन

मित्रांनो, परदेशीपुऱ्यात चंपाआजीच्या घरी खिडकीजवळ काळी शिलाई मशीन उभी आहे ना, ती मी. पायाने चालणारी, म्हणून लोक मला जुनाट म्हणतात. मला ते मुळीच खपत नाही, आधीच सांगून ठेवते!

इथली कापडमिल बंद पडली, तेव्हा चंपाआजीने माझ्यावर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवून घर चालवलं. गल्लीभर आमचं कौतुक होतं. पुढे आजीचे गुडघे कुरकुरू लागले, घरात मोटारवाली मशीन आली, आणि माझ्यावर चादर टाकून इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. फार लागलं हो जिवाला.

मग माझ्या आयुष्यात आली दीक्षा, आजीची नात. पाचवीतली पोरगी, पण काय पोरगी! कंपास शाळेत विसरायची, दूध अर्धं ठेवून उठायची, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. पण मांजरीच्या पिलाला दूध पाजायला बसली की तहानभूक विसरायची. तिला एकेक गोष्टी अशा सुचायच्या की मी थक्क व्हायचे. घरात मात्र एकच पालुपद, "ध्यान कुठंय तुझं?"

एकदा तिने माझा पट्टा काढला, त्यामुळे सुई जागची हलेना. मग माझ्यावर पुस्तक ठेवलं आणि पायडल हलवत वाचू लागली. खाली पाय चालत राहिले आणि वर डोळे ओळीवर टिकले. अख्खा धडा वाचला! हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलं. मला तर भरून आलं.

आजीला मात्र ते पाहवेना. रिकामी मशीन चालवली की झिजते, हे तिच्या अंगात मुरलेलं. त्यात शाळेतून निरोप आला, दीक्षा अशीच राहिली तर परीक्षेत फेल होईल. आजी घाबरली. "पाय शांत झाले की डोकंही शांत होईल," म्हणाली, आणि माझं पायडल सुतळीने करकचून बांधून टाकलं. मायेपोटीच केलं तिने.

दीक्षा खुर्चीत बसली. त्याच एका ओळीवरून बोट फिरवत राहिली. शेवटी पुस्तक मिटून हमसाहमशी रडली.

"मी मुद्दाम नाही करत गं आजी. मी ढ आहे का?"

"ढ कशाची? जरा टिककर एका जागी बस ना, बस!" आजी म्हणाली.

हे दीक्षाच्या आईने, शिखाने, ऐकलं. ती लेकीला पलासिया भागातल्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. बऱ्याच भेटी झाल्या, शाळेच्या बाईंशीही बोलणं झालं. मग एक दिवस शिखा सासूजवळ येऊन बसली.

"आई, ह्याला एडीएचडी म्हणतात. दीक्षाच्या मेंदूची घडण वेगळी आहे. ध्यान असतं, पण हवं तिथे धरून ठेवणं तिला जड जातं. हा आळस नाही, मस्ती नाही, आणि आपले संस्कारही कमी पडले नाहीत. काही मुलांचं तर हातपाय हलत असले की जास्त लक्ष लागतं."

"म्हणजे मशीनवर बसू द्यायचं?"

"बिलकुल! मॅडमनीच सांगितलंय."

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, मीसुद्धा इतकी सालं पाय हलवत हलवतच टाके सरळ घातले. अन् पोरीचे पाय बांधून ठेवले!" तिचे डोळे भरले. कात्री आणून तिने सुतळी कापली.

सगळं काही एका झटक्यात ठीक झालं नाही. कंपास अजूनही हरवतो. अभ्यास थोडा थोडा करायचा, मध्ये उठायचं, पुन्हा बसायचं. मॅडमकडे जाणं चालूच आहे. पण ही पोरगी रोज नव्याने बसते! इतकी चिकाटी मी मोठमोठ्यांत पाहिली नाही.

दीक्षा पास झाली. पेढा घ्यायला आलेली शेजारची लीला म्हणाली, "चला चंपाबाई, सुधरली एकदाची तुमची पोरगी!"

"ती बिघडली कधी होती, लीला?" आजी म्हणाली. "आम्हालाच समजत नव्हतं."

दीक्षाने तोंडातला पेढा तसाच ठेवून आजीला घट्ट मिठी मारली.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही अशी एखादी दीक्षा असेल. तिला नीट बस म्हणण्याआधी विचारा, "तुला कसं जमतं?" आणि सांगता सांगता ती उड्या मारू लागली, तर खुशाल मारू द्या.