रिव्हर्बमधली घूं

माझा भाऊ तेओदोमिरो गिटारचे ॲम्प्लिफायर बनवायचा आणि त्यात लागणारे ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळायचे. लीमाच्या ला व्हिक्टोरियातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं, पण पेटीवर पितळी अक्षरांत नाव फक्त त्याचं. माझं नाव एउदोसिया. ते लिहायचंच झालं असतं तर ट्रान्सफॉर्मरच्या पोटात, मेणकागदावर लिहावं लागलं असतं, आणि तिथे कोण बघायला जातंय?

वडील डोंगरातल्या हुआनकायोत रेडिओ दुरुस्त करायचे. तार गुंडाळायचं हातमशीन त्यांनी मरताना मला दिलं, तेओला नाही. हे तेओ कधी विसरला नाही. एका ट्रान्सफॉर्मरला केसासारख्या तारेचे साडेतीन हजार वेढे. दर शंभर वेढ्यांना मी डब्यात मक्याचा एक दाणा टाकायचे, आणि मोजायचे आईच्या केचुआ भाषेत, कारण स्पॅनिशमध्ये मोजताना माझा कुठेतरी घोळ होतोच. गिऱ्हाईक आलं की तेओ डोळे वटारायचा. लीमात पंधरा वर्षं काढून त्याने केस चोपून बसवले होते, टाय बांधला होता. आणि पडद्यामागे ही बहीण डोंगरातल्या भाषेत पुटपुटतेय!

सरकारने बाहेरचा माल बंद केला तेव्हा आमचं नशीब उघडलं. गिटारवाले रांगेने यायला लागले. त्यात रिगोबेर्तो आला. बदकासारखा चालायचा म्हणून त्याला सगळे पातो, म्हणजे बदक, म्हणायचे, तोही स्वतःला तेच म्हणायचा. चोरिय्योस वस्तीतल्या एका बँडात कुंबियाची नाचगाणी वाजवायचा.

"माएस्त्रो, मला गिटार ओली पाहिजे," तो म्हणाला. "विहिरीत बसून वाजवतोय असं वाटलं पाहिजे."

म्हणजे रिव्हर्ब. तेओने एकदा दुरुस्तीला आलेल्या परदेशी ॲम्प्लिफायरचं चित्र काढून ठेवलं होतं. त्यावरून त्याने पत्र्याची लांबट पेटी केली, आत स्प्रिंगा ताणल्या. एका टोकाने आवाज आत जातो, स्प्रिंगांत डचमळतो आणि दुसऱ्या टोकाने घुमत बाहेर येतो. ती पेटी त्याने ॲम्प्लिफायरच्या तळाला बसवली. पातोने गिटार लावली, रिव्हर्बचं बटण फिरवलं, आणि गिटारच्या आधी घूं आली. घूंऽऽऽ. तारांना हात न लावता.

"हे काय, माएस्त्रो? आत माशी कोंडलीय?"

तेओने पातोच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. मग म्हणाला, "गुंडाळी. माझ्या बहिणीची गुंडाळी सैल आहे."

नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण मी होते. मी तार उलगडली, पुन्हा गुंडाळली. घूं तशीच. त्याने दिवे, म्हणजे आतले काचेचे व्हॉल्व्ह, बदलले, कपॅसिटर बदलले, वायरी तोडून नव्याने जोडल्या. घूं तशीच, आणि फक्त रिव्हर्बचं बटण उघडलं तरच. पुन्हा मी गुंडाळलं. तिसऱ्यांदा गुंडाळताना बोटाला चीर पडून मेणकागद लाल झाला, आणि तो म्हणाला, "मेंढीच्या खुरांनी गुंडाळलं तर असंच होणार."

सोमवारी त्याने निकाल दिला. शुक्रवारी पातो ॲम्प्लिफायर न्यायला येणार होता. तोवर घूं गेली नाही तर मशीन शनिवारी भंगारवाल्याला, आणि मला बसमध्ये बसवून हुआनकायोला, मामाकडे.

"ट्रान्सफॉर्मर मी विकत आणीन," तो म्हणाला. "तू मेंढ्या राख. त्यांच्याशी केचुआत बोल."

मी एक्केचाळीस वर्षांची होते. नवरा नाही, पोर नाही, त्या मशीनच्या दांड्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. रात्रभर रडले आणि सकाळी त्याच्यासाठी बटाटे उकडले.

बुधवारी दुपारी तो दिवे आणायला गेला तेव्हा मी ॲम्प्लिफायर चालू करून त्याच्यासमोर मांडी घातली. तळातली स्प्रिंगची पेटी सोडवली आणि वायर लावलेलीच हातात धरली. पेटी जरा लांब नेली तर घूं कमी झाली. जवळ आणली तर वाढली. मग तिची टोकं उलटसुलट केली, उजवं डावीकडे, आणि घूं मेली. अशी गप्प की गल्लीतल्या नळाची धार ऐकू आली. माझा ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात होता आणि पेटीचं नाजूक टोक नेमकं त्याच्या पोटाखाली. तिथे कुणीही गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असता तरी त्या टोकाने घूं उचललीच असती. गाढवाने वरचा भाग मागून बघून जुळवला होता आणि तळ पुढून बघून. त्यात डाव्याचं उजवं झालं होतं. वड्याचं तेल चार दिवस वांग्यावर काढत होता.

मी पेटी पुन्हा होती तशी चुकीची ठेवली, कारण मला त्याच्यादेखत फिरवायची होती. खरंच. सांगून मोकळं व्हायचं होतं. तो आला, पाठमोरा बसून तापल्या कांडीने वायरींना डाग द्यायला लागला.

"तेओ, सापडलं," मी म्हटलं.

उत्तर नाही. जरा मोठ्याने हाक मारली. नाही. उठताना माझा धक्का लागून मक्याचा डबा फरशीवर आदळला, दाणे खोलीभर उडाले. तो वळला नाही. एक दाणा त्याच्या बुटाजवळ गेला तेव्हा दचकून मागे पाहिलं, आधी माझ्या तोंडाकडे.

तेव्हा सगळं उलगडलं. तो हल्ली रेडिओ का एवढा मोठा लावतो, बोलणाऱ्याच्या ओठांकडे का बघतो, आणि "आता?" असं आधी दुसऱ्याला का विचारतो. त्याने ती घूं एकदाही ऐकली नव्हती. आमची तोंडं वाकडी झाली की तो म्हणायचा, येतेय. लहानपणी त्याचा कान वाहायचा तेव्हा गरम तेल मीच घालायचे, माझ्या मांडीवर त्याचं डोकं असायचं. मला तरी कळायला हवं होतं.

"काय म्हणत होतीस?" त्याने विचारलं.

"काही नाही. बटाटे झालेत."

गुरुवारी नळावर मी पातोला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो असा खूश झाला, जसं कोणी त्याला नवी गिटार दिली.

शुक्रवारी सकाळी तेओ दाढी करत होता तेव्हा मी पेटी फिरवून ठेवली. दुपारी पातो आला, बरोबर ताशा वाजवणारा आबेलार्दो. आणि पातोने सांगून ठेवल्यामुळे अर्धी गल्ली दारात. तेओने टाय सारखा केला, ॲम्प्लिफायर चालू केला, रिव्हर्ब पूर्ण उघडला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पातोने लिंबू चावल्यासारखं तोंड केलं.

"येतेय ना?" तेओ म्हणाला. "मला माहीत होतं."

"किती येतेय, माएस्त्रो?"

"किती म्हणजे? बैल डुरकतोय नुसता! ऐका, ऐका. हिला चार दिवस सांगतोय, तुझ्या गुंडाळीत दम नाही. उद्या मशीन जाणार, ही पण जाणार."

"आणि आता?" आबेलार्दो म्हणाला आणि कानावर हात ठेवले.

"आता तर वाढली!"

आबेलार्दोला राहवलं नाही. तो खाली बसून हसायला लागला. मग दार हसलं, मग गल्ली. पातो तेओच्या पाठीमागे गेला आणि म्हणाला, "माएस्त्रो, तुमच्या पँटीला आग लागलीय." तेओ आमच्या तोंडांकडे बघत तसाच उभा राहिला. थोडंसं हसलासुद्धा, सगळे हसतायत म्हणून.

"भिंतीला कान असतात म्हणतात," पातो ओरडला. "या भिंतीला नाहीत!"

आमच्याकडे ठार बहिऱ्याला तापिया म्हणतात, मातीची भिंत. ते लोकांचं आडनावही असतं, त्यामुळे नाव चिकटायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत कसायापासून पाद्र्यापर्यंत सगळे त्याला टोपी काढून म्हणत होते, "नमस्कार, सेन्योर तापिया." त्याला ते ओठांवरून वाचता यायचं.

मशीन गेलं नाही. मीही गेले नाही. गिऱ्हाइकं म्हणाली, ऐकायला बाई पाहिजे, म्हणून डाग द्यायची कांडी माझ्याकडे आली. आणि तेओ पडद्यामागे मशीनवर बसला, कारण मोजायला कान लागत नाहीत. तो केचुआत मोजतो. त्यालाही स्पॅनिशमध्ये जमत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्याने गुंडाळलेला पहिला ट्रान्सफॉर्मर मी बसवला. चालू केला, रिव्हर्ब उघडला. देवळासारखी शांतता. वडिलांचा हात होता त्याच्या हातात, माझ्यापेक्षा चांगला. तो पडदा बाजूला करून उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ताई, येतेय का?"

कान दुखायचा तेव्हा तो असाच बघायचा. मला त्याची दया आली, खोटं नाही सांगत. आणि तरी माझं तोंड आपोआप वाकडं झालं.

"येतेय," मी म्हटलं.

तो पुढे आला. ट्रान्सफॉर्मर काढून नेला, त्याच्या लोखंडी पट्ट्या उचकटल्या आणि तार उलगडायला बसला. आता या महिन्यात तो तिसऱ्यांदा उलगडतोय. डबा रिकामा करून मी त्याच्यापुढे ठेवते, आणि तो पुन्हा पहिला दाणा टाकतो.