पंचेचाळीस तंबू आणि सहा बायका

शनिवारी सकाळपासून यशोधराचा पाय एका जागी ठरत नव्हता. तंबूंच्या रांगेतून धरणाच्या पाण्यापर्यंत जायचं, पुन्हा माघारी यायचं. मघाशी ताणलेल्या दोऱ्या परत ताणायच्या. मोबाईल बघायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. शेवटी तिचा भाऊ सचिन वैतागून म्हणाला, की बाई, एकतर बस, नाहीतर भंडारदऱ्याच्या बाजारात जाऊन ये, तुझ्याकडं बघून मलाच घेरी यायला लागली.

पण बसणार कशी? आज तिच्या गणिताची परीक्षा होती, आणि ह्या पेपरात नापास झालं तर अख्ख्या गावासमोर.

सचिनचा धरणाच्या काठी तंबूंचा धंदा. काजव्यांच्या दिवसांत शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागायची. एका तंबूचा रेट हजार रुपये, साठच्या साठ तंबू भरलेले, सचिन खूश. यशोधरा गणितात बी.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. येणारा-जाणारा एकच विचारायचा, गणिताचं पुढं काय करणार? जणू पोरगी गणित नाही, दुखणं घेऊन आली होती. तिला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. म्हणून ह्या मोसमात तिने ठरवलं, दाखवूनच देते.

सचिनला खोदून खोदून विचारल्यावर एक गोष्ट हाती लागली. रेट शंभराने वाढवला की साधारण पाच तंबू रिकामे राहतात. एका तंबूमागे जेवणाचे दोनशे आणि मजुरीचे दोनशे, असा चारशे रुपये खर्च. मग बाईसाहेब बसल्या मांडायला. शंभराची वाढ किती वेळा करायची, ते क्ष. एका तंबूमागे सुटतात सहाशे अधिक शंभर क्ष, तंबू भरतात साठ वजा पाच क्ष. दोन्हींचा गुणाकार म्हणजे नफा. गुणाकार उलगडला की त्यात क्षचा वर्ग येतो, तोही वजा चिन्ह घेऊन, आणि ते वजा चिन्हच सगळी गंमत करतं. नफा आधी चढतो, एका जागी टेकतो आणि तिथून उतरायला लागतो. टेकण्याच्या त्या जागेला शिरोबिंदू म्हणतात, आणि तो आला क्ष बरोबर तीनला. रेट तेराशे, तंबू पंचेचाळीस. नफा छत्तीस हजारांवरून साडेचाळीस हजारांवर. कमी तंबू लावून जास्त पैसे! सचिनने दोनदा हिशोब करून पाहिला आणि बहिणीकडे असा बघत राहिला, जणू ती पहिल्यांदाच भेटतेय.

अडचण आली ती बायकांची. गावातल्या सहा बायका जीपने येऊन स्वयंपाक करायच्या, एकेकीकडे दहा तंबू. पंचेचाळीस तंबूंना साडेचार बायका लागत होत्या, आणि अर्धी बाई कुठून आणायची? पाच बोलवू, असं ठरलं. मग एकीला नको म्हणायचं, ती कोण, असं सचिनने विचारलं आणि यशोधरा पटकन बोलून गेली, छबूबाई. छबूबाईंचा हात चालायचा सावकाश. बाकीच्यांच्या भाकऱ्या उतरून पाहुणे जेवायला बसायचे तरी ह्यांचा तवा आपला तापलेलाच. शुक्रवारी सचिनने फोन करून त्यांना सांगून टाकलं.

आणि शनिवारी भर दुपारी जीप गावातून रिकामी आली. एकही बाई नाही. जीपवाला म्हणाला, त्या घरीच बसल्यात. त्यांच्यातल्या चांगुणाबाईचा फोन लागेना. पंचेचाळीस तंबूंची माणसं वाटेवर होती, तेराशे मोजून येणारी. सचिनचा चेहरा उतरला. ती त्याच जीपमध्ये बसून गावात गेली.

चांगुणाबाई म्हणजे ह्या बायकांची म्होरकी. अंगणात पाय पसरून नाचणी निवडत होती. रागावलेली नव्हती, उलट पाणी दिलं, बस म्हणाली. मग सरळ सांगितलं.

"छबूला सोडून आमी न्हाई येनार. सावड हाय आमची."

सावड यशोधराला काय ठाऊक नव्हती? भातलावणीला आज सगळ्यांनी एकीच्या खाचरात राबायचं, उद्या दुसरीच्या, हात जड असो की हलका, मोजायचं नाही. लहानपणापासून बघितलेलं. पण ती भातापुरती, असं ती धरून चालली होती. ह्या सहा जणींनी तंबूंचं कामसुद्धा सावडीतच घेतलं होतं, आणि मजुरीही सारखी वाटून घेत होत्या. मजुरी तंबूमागे धरली तिथेच तिचं चुकलं होतं. ह्या बायका तंबूंच्या मागे येत नव्हत्या, एकमेकींच्या मागे येत होत्या.

ती उठून छबूबाईंच्या घरी गेली. दार उघडंच होतं. छबूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, लुगडं बदलून, केस विंचरून, जायच्या तयारीत असल्यासारख्या.

"माजं नाव कुनी काडलं?" त्यांनी विचारलं. "सचिन म्हनला, गनितात तसं आलं."

हो म्हणून टाकलं असतं तर सुटली असती. जिभेवर आलंही होतं.

"गणितात कुणाचं नाव नव्हतं, मावशी. पाच बायका पुरतात, एवढंच आलं होतं. तुझं नाव मी काढलं."

"का गं?"

"तुला वेळ लागतो म्हणून."

छबूबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"लागतो," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, चांगुणाबाईच्या अंगणात गेल्या आणि सांगितलं, की पाहुणी मानसं उपाशी ठेवू नगा, तुमी जा, मी सांगते म्हनून जा. चांगुणाबाईने लई वाद घातला, पण छबूबाई ऐकेनात. शेवटी पाच जणी गप जीपमध्ये बसल्या. यशोधरा मागे वळून बघू शकली नाही.

रविवारी सकाळी गाड्या गेल्या आणि सचिनने हिशोब केला. शे-दीडशेचा फरक सोडला तर तिने काढला होता तेवढाच नफा. तो लहान पोरासारखा हसला, तिची पाठ थोपटली आणि म्हणाला, दर शनिवारी हेच करायचं. ह्याच शब्दांसाठी ती आठवडाभर तळमळली होती. आता ते कानांवर पडत होते आणि तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"पुढच्या शनिवारी बाराशे, दादा," ती म्हणाली. "तंबू पन्नास, बायका सहा. सहाही येणारच, आणि मजुरी साठ तंबूंची होती तेवढीच पूर्ण द्यायची, असं धरून परत मांडलंय मी. शिरोबिंदू तीनवरून दोनवर सरकतो."

"नफा?"

"अडतीस हजार."

"अडीच हजार सोडायचे? कशापायी?"

"छबूमावशीपायी." ती चपला पायात सरकवत म्हणाली. "आणि ती येईलच असं नाही. आज विचारायला जाते. नाही म्हणाली तर उद्या परत जाईन."